कपाटातला रेंजफाइंडर: दुरुस्त करावा की बदलावा?

सत्तरच्या दशकात आखातातून परतलेल्या मामांनी किंवा बोटीवर नोकरीला असलेल्या काकांनी आणलेला याशिका नाहीतर कॅनन अजून पुष्कळ घरांत आहे. चामड्याच्या केसमध्ये, कपाटाच्या वरच्या फळीवर तो पडून असतो. फिल्मवर फोटो काढायची गोडी नव्याने लागलेल्या नातवंडांच्या हाती तो लागतो. खटका दाबला तर काहीतरी वाजतं किंवा काहीच वाजत नाही, आणि घरात प्रश्न उभा राहतो: याच्यावर पैसे घालायचे, की चालू स्थितीतला दुसरा घ्यायचा?

बहुतेक जण हा प्रश्न बेरीज-वजाबाकीने सोडवतात. समजा, दुरुस्तीवाल्याने पाच हजार सांगितले आणि तेच मॉडेल जुन्या मालात सहा हजारांना मिळतंय. मग हजार रुपये जास्त गेले तर गेले, पण चालणारा घेऊ, असं ठरतं. हे गणित फसवं आहे, कारण तो सहा हजारांचा कॅमेराही पन्नास वर्षांचाच आहे. त्याच्या आतलं वंगण तितकंच वाळलेलं आहे आणि मागच्या दाराच्या खाचेतला फोमही तितकाच चिकट झालेला आहे. विकणाऱ्याने खटका दाबून आवाज ऐकलेला असतो. रोल घालून, धुऊन पाहिलेला नसतो. म्हणजे आज सहा हजार देऊन वर्षभरात पुन्हा पाच हजारांची सर्व्हिसिंग तुमच्या वाट्याला येणारच. तुलना करायचीच असेल तर आपल्या कॅमेऱ्याच्या दुरुस्तीचा खर्च एका बाजूला ठेवा आणि कोणा जाणकाराने उघडून, साफ करून, हमी देऊन विकायला काढलेल्या त्याच मॉडेलची किंमत दुसऱ्या बाजूला. अशी तुलना केली की घरातल्या कॅमेऱ्याची बाजू बहुतेक वेळा वरचढ ठरते. शिवाय त्याचा इतिहास तुम्हाला माहीत असतो: तो कधी पडला, कधी भिजला, किती वर्षं बंद होता. बाजारातल्या कॅमेऱ्याबद्दल यातलं काहीच कळत नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की किंमत तूर्त बाजूला ठेवा आणि नक्की काय बिघडलंय ते आधी शोधा. बिघाड कळला की निर्णयाला फारसा वेळ लागत नाही.

हे शोधणं रेंजफाइंडरमध्ये थोडं अवघड असतं. एसएलआर कॅमेऱ्यात आपण लेन्समधूनच बघतो, त्यामुळे लेन्समध्ये काही बिनसलं तर ते डोळ्यांना दिसतं. रेंजफाइंडरमध्ये बघायची खिडकी वेगळी आणि लेन्स वेगळी. समोरच्या दोन खिडक्यांतून आलेली दोन चित्रं मधल्या पिवळसर चौकोनात एकमेकांवर आणायची; ती तंतोतंत बसली की फोकस जुळला. आतली एक तरफ लेन्सच्या पुढे-मागे होण्याबरोबर हलते आणि त्या चौकोनातलं चित्र सरकवते. ही तरफ केसभर चळली तर खिडकीतून सगळं ठाकठीक दिसतं आणि फिल्मवर मात्र चेहरा पुसट येतो. लेन्समधली बुरशी खिडकीतून दिसत नाही. इतकंच काय, लेन्सचं झाकण काढायचं राहिलं तरी कळत नाही. त्यामुळे डोळ्याला लावून ‘छान दिसतंय की’ म्हणण्यावर विसंबू नका.

घरच्या तपासणीला विजेरी, भिंग, ट्रेसिंग पेपरचा तुकडा आणि मोबाइल एवढं सामान पुरतं.

सुरुवात लेन्सपासून करा, कारण पुष्कळदा निकाल तिथेच लागतो. मागचं दार उघडा, शटर ‘बी’वर ठेवा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा आणि खटका दाबून धरा. आता एका बाजूने विजेरीचा झोत लेन्समध्ये तिरका टाकून दुसऱ्या बाजूने बघा. या उजेडात प्रत्येक लेन्स भयंकर दिसते, तेव्हा घाबरू नका. धुळीचे कण, काचेतला एखादा बुडबुडा, पुढच्या काचेवरचे दोन-चार बारीक ओरखडे यांनी फोटोला काही होत नाही. शोधायच्या त्या तीन गोष्टी. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू असतील तर ती बुरशी. काचेवर सगळीकडे सारखा धूसर थर असेल तर तो वंगणाच्या वाफेचा थर. त्याने फोटो फिकट पडतात आणि समोरून दिवा आला की सगळं पांढुरकं होतं. आणि कडेपासून आत शिरलेला इंद्रधनुषी डाग दिसला, तर चिकटवलेल्या दोन काचा एकमेकींपासून सुटू लागल्या आहेत असं समजा.

धूसर थर बहुतेक वेळा साफ होतो आणि लेन्स पुन्हा लख्ख होते. अशा कॅमेऱ्याला केवळ तेवढ्यासाठी निकालात काढणं चूक ठरेल. सुटलेल्या काचा पुन्हा चिकटवता येतात, पण ते काम करणारे हात फार थोडे आहेत आणि साध्या कॅमेऱ्यासाठी तो खर्च परवडत नाही. बुरशीचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण मुंबई, कोकण आणि गोव्यात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते आणि आपल्याकडच्या जुन्या लेन्सचा सर्वांत मोठा शत्रू बुरशीच आहे. बुरशी काचेवरच्या लेपावर वाढते आणि वाढताना आम्ल सोडते. वर्ष-दोन वर्षांची ताजी बुरशी योग्य द्रावणाने पुसली की जाते, मागे काही राहत नाही. जुनी बुरशी पुसल्यावर तंतू जातात, पण त्यांच्या जागी लेप खाल्ल्याच्या रेषा उरतात. अशा लेन्सने काढलेले फोटो सपाट उजेडात चांगले येतात आणि समोरून ऊन आलं की विरघळल्यासारखे दिसतात. काच खोलवर खाल्ली गेली असेल तर दुरुस्ती नाही. लेन्स बदलता येणारा कॅमेरा असेल तर लेन्सचा निर्णय वेगळा करा आणि बॉडीचा वेगळा. लेन्स पक्की बसवलेला कॅमेरा असेल तर मात्र काच गेली म्हणजे कॅमेरा गेला असंच धरावं लागतं.

बुरशीचं मूळ बहुतेक घरांत एकच असतं, ते म्हणजे ती चामड्याची केस. चामडं ओल धरून ठेवतं आणि बुरशीला खाद्यही पुरवतं. केस आठवण म्हणून जरूर जपा, पण कॅमेरा तिच्यातून बाहेर काढा. तो घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पिशव्यांबरोबर ठेवा, आत छोटा आर्द्रतामापक टाका आणि आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहील असं बघा. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवायची युक्ती सोडून द्या, तांदळाची पिठूळ धूळ आत जाते. कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांपासूनही त्याला लांब ठेवा. कॅमेऱ्यांच्या मूळ माहितीपुस्तिकांमध्येच ही सूचना असायची.

लेन्स ठीक निघाली की फोकसकडे वळा. अंतराचं कडं अनंतावर न्या आणि दोन-तीन किलोमीटरवरचा मोबाइलचा टॉवर किंवा रात्री चंद्र बघा. चौकोनातली दोन चित्रं एक व्हायला हवीत. डावी-उजवीकडे फरक असेल तर फोकस चुकतोय. वर-खाली फरक असेल तर फोकस बरोबर असूनही तो जुळवणं डोळ्यांना जड जातं. दोन्ही दोष जुळणीचे आहेत आणि चांगला कारागीर ते थोड्या वेळात काढतो. चौकोनच दिसत नसेल तर गोष्ट वेगळी. आतल्या अर्धपारदर्शक आरशाचा मुलामा उडालेला असतो. हा आरसा बदलता येतो, पण कापसाने ‘साफ’ करायला गेलं की उरलेला मुलामाही निघतो. आपण वरचं झाकण उघडून तिथे बोट लावू नये, हे बरं.

खिडकी आणि लेन्स यांचं एकमत आहे का, हे ट्रेसिंग पेपर सांगतो. मागचं दार उघडून फिल्म ज्या आतल्या दोन पट्ट्यांवर टेकते त्यांच्यावर ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवा, शटर ‘बी’वर उघडं ठेवा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा. खोलीत अंधार करून दूरच्या दिव्याकडे रोखलं की कागदावर उलटं चित्र उमटतं. ते भिंगाने पाहा. खिडकीत जुळलेलं चित्र कागदावरही जुळलेलं असेल तर रोलचे पैसे वाया जाणार नाहीत. हीच परीक्षा एका मीटरवरच्या मेणबत्तीवर पुन्हा करा, कारण जवळच्या अंतरावर चूक लगेच उघडी पडते.

शटरसाठी मोबाइलचा स्लो मोशन व्हिडिओ वापरा. सेकंदाला २४० चित्रं घेणारा मोबाइल असेल तर १/१५ सेकंदाचं शटर साधारण १६ चित्रांत उघडं दिसायला हवं आणि १/३० चं ८ चित्रांत. १६ च्या जागी २५ आली तर शटर सुस्त आहे. १/२५० किंवा १/५०० याने मोजता येत नाही. त्यासाठी दुरुस्तीवाल्याकडचं यंत्र हवं. मात्र शटरच्या आकड्यांचा बाऊ करू नका. रंगीत निगेटिव्ह फिल्म एका स्टॉपने जास्त उजेड सहज पचवते, तेव्हा १/५०० चं शटर प्रत्यक्षात १/३५० ला चालत असेल तर ते तसंच वापरा. स्लाइड फिल्म वापरणाऱ्याला ही सूट नाही. एक सेकंदाचा वेग अडकतो पण बाकीचे व्यवस्थित आहेत आणि तुम्ही तो वेग कधी वापरणारच नाही, तर त्यासाठी कॅमेरा उघडायची गरज नाही.

लेन्समध्येच पात्यांचं शटर असलेल्या कॅमेऱ्यांत पाती तेलकट होऊन चिकटणं हा नेहमीचा आजार. कॅननचा कॅनोनेट त्यासाठी ओळखला जातो. खटका दाबला की आत टक् होतं आणि पाती जागची हलत नाहीत. हा कॅमेरा मेला असं समजून लोक तो भंगारात देतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण हा सर्वांत साधा आजार आहे. पाती खोलून, द्रावणाने धुऊन, कोरडी करून बसवली की शटर पुन्हा वर्षानुवर्षं चालतं. ही पाती कोरडीच चालायची असतात. घरात असलेलं शिलाई मशीनचं तेल किंवा गंज सोडवायचा फवारा त्यात सोडला तर पाती दोन दिवस चालतात आणि मग कायमची चिकटतात. तो फवारा लेन्सच्या आतल्या काचांवरही जातो आणि दहा मिनिटांचा बिघाड मोठ्या कामात बदलतो.

कापडी पडद्याचं शटर असलेल्या लायका, झोर्की, फेड या कॅमेऱ्यांत पडद्याला बारीक भोकं पडतात. लेन्सचं झाकण न लावता कॅमेरा उन्हात ठेवला तर सूर्याचं बिंब पडद्यावर पडतं आणि तो जळतो. रबराचा लेप वयानेही तडकतो. लेन्स काढून, अंधाऱ्या खोलीत मागून विजेरी लावली की ही भोकं ताऱ्यांसारखी चमकतात. एक-दोन भोकं काळ्या लवचीक रंगाने बुजवता येतात. चाळणच झाली असेल तर पडदे बदलावे लागतात आणि ते अनुभवी माणसाचं काम आहे.

दाराच्या कडेचा फोम तर बिघाडात धरूच नका. तो बहुतेक जुन्या कॅमेऱ्यांत गेलेला असतो. काडीने आणि थोड्या स्पिरिटने खरवडून काढायचा, खाचेत काळी लोकर किंवा पातळ काळा फोम बसवायचा. हे काम घरी करता येतं. त्याचा कचरा शटरवर पडू नये म्हणून कॅमेरा उलटा धरून खरवडा.

आता विजेचा प्रश्न. दुरुस्ती की बदली याचा खरा कस इथे लागतो आणि तो पूर्णपणे मॉडेलवर अवलंबून आहे. याशिका इलेक्ट्रो ३५ घ्या. १९६६ साली आलेली ही मालिका, तिचं जीएसएन हे मॉडेल १९७३ चं. ४५ मिमी एफ/१.७ ची लेन्स अतिशय सुंदर, पण शटरचा वेग ठरवणारं सगळं काम इलेक्ट्रॉनिक सर्किटचं. अ‍ॅपर्चर आपण ठरवायचं, वेग कॅमेरा ठरवणार. सेल नसेल किंवा सर्किट बंद असेल तर साध्या मांडणीत हे शटर फक्त १/५०० ला चालतं. त्यामुळे इलेक्ट्रोचं सर्किट खरंच मेलं असेल तर उन्हातले फोटो सोडले तर तो निरुपयोगी आहे.

पण सर्किट मेलं असं इतक्या लवकर म्हणू नका. इलेक्ट्रो बंद पडण्याची तीन मामुली कारणं आहेत. पहिलं, सेल. याला ५.६ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागायचा आणि पाऱ्याचे सेल आता बनत नाहीत. ६ व्होल्टचा ४एलआर४४ सेल किंवा घड्याळाच्या दुकानात मिळणारे चार एलआर४४ सेल कागदाच्या नळीत एकावर एक रचून, उरलेल्या जागेत स्प्रिंग घालून बसवले की काम होतं. व्होल्टेजच्या एवढ्या फरकाने एक्स्पोजर बिघडत नाही. मागचं बटण दाबल्यावर हिरवा उजेड दिसला तर वीज पोचतेय. दुसरं, सेलच्या खोबणीत आलेला हिरवा-निळा गंज. जुना सेल आत राहून पाझरलेला असतो. व्हिनेगर लावलेल्या कापसाच्या बोळ्याने तो निघतो. तरी वीज येत नसेल तर खोबणीपासून आत जाणारी तार गंजून तुटलेली असते आणि ती बदलणं कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला जमतं. तिसरं कारण या कॅमेऱ्याच्या जगभरच्या चाहत्यांना पाठ आहे: रोल ओढायच्या यंत्रणेतली रबराची एक छोटी गादी. ती काळाने भुगा होते. मग वेग ठरवणारे स्विच जागेवर येत नाहीत, वरचे लाल-पिवळे दिवे मनाला येईल तसे पेटतात आणि फोटो बिघडतात. ओळखायची खूण सोपी आहे. तरफ ओढून सोडताना आतून ‘ठक्’ असा आवाज आला तर गादी शाबूत आहे. आवाज नसेल तर ती बदला. रबराचा तुकडा काही पैशांचा, मोल आहे ते तिथवर पोचायच्या मेहनतीचं. ही तिन्ही कारणं तपासून झाल्यावरही दिवे लागत नसतील तर सर्किटवर पैसे घालू नका. तो भाग नवा मिळत नाही. याशिका १९८३ मध्ये क्योसेरात विलीन झाली आणि क्योसेराने २००५ मध्ये कॅमेऱ्यांचा धंदाच बंद केला. इथे बदली हाच शहाणपणा. आणि जुना इलेक्ट्रो फेकू नका, नव्याने घेतलेल्या इलेक्ट्रोसाठी त्याचे सुटे भाग उपयोगी पडतील.

कॅनोनेट क्यूएल१७ जी-३ चं वर्तन याच्या अगदी उलट. १९७२ सालचा हा कॅमेरा, लेन्स ४० मिमी एफ/१.७, आणि शटर पूर्णपणे यांत्रिक. सेल नसला तरी १/४ ते १/५०० सगळे वेग चालतात, फक्त आतला मीटर आणि स्वयंचलित अ‍ॅपर्चर बंद होतं. मिनोल्टा हाय-मॅटिक ७एसचंही तसंच. अशा कॅमेऱ्याचा मीटर मेला म्हणून तो बदलायला निघालेल्यांना मी थांबवतो. मोबाइलमधलं लाइट मीटरचं अ‍ॅप वापरा किंवा फोटोग्राफीतला जुना नियम लक्षात ठेवा: भर उन्हात अ‍ॅपर्चर एफ/१६ आणि शटर फिल्मच्या आयएसओच्या जवळपास, म्हणजे १०० च्या फिल्मला १/१२५. मीटर चालू असेल तर त्याचा मूळ सेल १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा. साधा १.५ व्होल्टचा सेल घातला तर मीटर चुकीचं सांगतो. कानाच्या यंत्राचा ६७५ क्रमांकाचा सेल १.४ व्होल्टचा असतो, औषधांच्या मोठ्या दुकानात मिळतो आणि भोवती रबराची रिंग घातली की खोबणीत बसतो. वरचा स्टिकर काढल्यावर तो काही आठवड्यांत संपतो, पण तेवढ्यात रोल निघतात.

लायकाबद्दल लिहिण्यासारखं कमी आहे, कारण तिथे उत्तर जवळजवळ ठरलेलं आहे: दुरुस्त करा. १९५४ सालच्या एम३ पासून पुढच्या यांत्रिक एम कॅमेऱ्यांची बाजारातली किंमत दुरुस्तीच्या कितीतरी पट आहे आणि जर्मनीतल्या वेट्झलारमधल्या कारखान्यात आजही ते दुरुस्त होतात. एक सावधगिरी एम३ घेणाऱ्यांसाठी. त्याच्या रेंजफाइंडरमधला लोलक दोन तुकडे बाल्समने चिकटवून केलेला असतो. वयाने किंवा पडल्यामुळे तो सुटतो आणि मधला चौकोन काळा पडतो किंवा नाहीसा होतो. ही दुरुस्ती महाग आहे. विकत घेत असाल तर असा कॅमेरा सोडून द्या. घरचा असेल तर खर्च करा. परदेशी पाठवायचा झाला तर दुरुस्तीसाठी जात असल्याची कागदपत्रं आधी करून घ्या, नाहीतर परत येताना सीमाशुल्काची कटकट होते.

दुसऱ्या टोकाला सोव्हिएत कॅमेरे: झोर्की-४, फेड-२. यांची किंमत कमी, रचना साधी, आणि दुरुस्तीचा खर्च किमतीच्या पुढे जाण्याची शक्यता सर्वांत जास्त. झोर्की-४ चा वेग रोल ओढण्याआधी बदलला तर यंत्रणा तुटते. तुमच्या झोर्कीचा वेग अडकला असेल तर आधीच्या कोणीतरी हेच केलेलं असणार. केवळ फोटो काढायचे असतील तर दुसरा घ्या. स्वतः उघडून शिकायची हौस असेल तर यापेक्षा चांगला गुरू मिळणार नाही.

काही कॅमेरे मात्र मनापासून निरोप देण्याच्या स्थितीत असतात. पुराच्या पाण्यात बुडालेले कॅमेरे त्यात पहिले. २००५ मध्ये मुंबईत, २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात, २०२१ मध्ये चिपळूणमध्ये घरांत जे पाणी शिरलं त्यात बारीक गाळ होता. असा गाळ शटरच्या दात्यांत बसतो, स्क्रू गंजतात आणि कारागिराचे तास वाया जातात. समुद्रात पडलेल्या कॅमेऱ्याची तीच गत. जोरात आपटून पुढचा भाग वाकलेला असेल तरी थांबा, कारण लेन्स आणि फिल्म समांतर राहिली नाही तर चित्राची एक बाजू कायम पुसट येते.

आता माणसाबद्दल. दुरुस्तीचं यश जितकं कॅमेऱ्यावर तितकंच तो कोण उघडतो यावर अवलंबून असतं. मुंबईत फोर्टमधला बोरा बाजार, दिल्लीत चांदणी चौकातली कूचा चौधरीची गल्ली अशा जुन्या कॅमेरा बाजारांत चौकशी करावी. पण दुकानाची पाटी बघून कॅमेरा टाकू नका. हेच मॉडेल पूर्वी उघडलंय का, असं सरळ विचारा. ज्याने केलंय तो दोन वाक्यांत कुठला भाग त्रास देतो ते सांगतो. ज्याने केलं नाही आणि तसं कबूल केलं तो माणूसही विश्वासाचा असतो, त्याला पुढच्या कोणाचं नाव विचारा. खर्चाचा अंदाज लिहून घ्या, बदललेले जुने भाग परत मागा, वर-वरचं पॉलिश किंवा नवा रंग करायला देऊ नका. कॅमेरा परत घेताना त्यांच्यासमोर दूरच्या इमारतीवर चौकोन जुळतो का ते बघा, शटरचे वेग यंत्रावर मोजून दाखवायला सांगा. हमी दोन-तीन महिन्यांची असली तरी चालेल, पण त्या मुदतीत एक रोल काढून धुऊन घ्या. तो रोल समारंभात काढू नका. प्रत्येक फोटोचं अ‍ॅपर्चर, वेग आणि अंतर वहीत लिहा: काही फोटो एका मीटरवर, काही अनंतावर, काही समोरून ऊन घेऊन. रोल, धुणं आणि स्कॅन मिळून आज चांगले पैसे जातात. एका रोलमधून कॅमेऱ्याची सगळी कुंडली मिळाली तर ते वसूल होतात.

घरातल्या माणसाच्या आठवणीचं काय, असंही विचारलं जातं. माझ्या मते आठवण हे दुरुस्तीचं पुरेसं कारण आहे आणि त्यासाठी हिशोबात न बसणारे पैसे खर्च करायला काहीच हरकत नाही. फक्त तो निर्णय उघड्या डोळ्यांनी घ्या. आजोबांच्या कॅमेऱ्याने फोटो काढायचे असतील तर तो चांगला दुरुस्त करून घ्या आणि खरोखर वापरा. केवळ जवळ ठेवायचा असेल तर दुरुस्ती नको, साफ करून कोरड्या डब्यात ठेवा. न वापरता ठेवलेला दुरुस्त कॅमेरा काही वर्षांत पुन्हा अडतो, म्हणून वापरात नसला तरी महिन्या-दोन महिन्यांनी प्रत्येक वेगावर दहा-बारा वेळा शटर चालवत जा.

आणि बदलायचाच ठरला तर काय घ्यावं? नवा घ्यायचा विचार फार थोड्यांना परवडेल. ३५ मिमी फिल्मचे रेंजफाइंडर आज नियमितपणे बनवते ती लायका. २०२२ मध्ये त्यांनी एम६ पुन्हा बाजारात आणला. कोसिनाने फॉइग्टलेंडर नावाने काढलेले बेसा कॅमेरे २०१५ मध्ये बंद झाले, पण वापरलेले चांगल्या स्थितीत मिळतात आणि वयाने तरुण असल्यामुळे त्यांचे आजारही कमी. साठ-सत्तरच्या दशकातला पक्क्या लेन्सचा कॅमेरा घेणार असाल तर सेलशिवाय सगळे वेग चालणारा घ्या आणि उघडून साफ केलेलाच घ्या, मग तो दीड-दोन हजारांनी महाग का असेना. यांत्रिक शटरच्या कॅमेऱ्याची दुरुस्ती आणखी पंचवीस वर्षांनीही कोणीतरी करू शकेल. सर्किटवाल्याची खात्री देता येत नाही.

शेवटी एक विनंती. ज्या कॅमेऱ्याचं काही होऊ शकत नाही असं ठरलं, तो भंगारवाल्याला किलोच्या भावाने देऊ नका. तुमच्या शहरातल्या दुरुस्तीवाल्याकडे तो नेऊन द्या, पैसे मिळाले नाहीत तरी. त्याच्यातला एखादा स्क्रू, एखादी तरफ, एखादी शाबूत काच दुसऱ्या कोणाच्या कॅमेऱ्यात बसेल. हे भाग आता कुठल्याही कारखान्यात तयार होत नाहीत. आणि तुमचा कॅमेरा दुरुस्त होण्यासारखा असेल तर या पावसाळ्याच्या आत तो उघडून घ्या. हे काम जाणणारी बरीच माणसं आता सत्तरीत आहेत आणि त्यांच्या हाताखाली शिकणारे फार कमी आहेत.